एकोणतीस साते

पिंपळगाव रेणुकाईला बायकोच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू होती आणि ऐन ‘सावधान’च्या तोंडावर मी नाक दाबलं. नुसतं बोट लावलं असं नाही. अक्षता डाव्या हातात घेतल्या, उजव्या हाताच्या चिमटीत दोन्ही नाकपुड्या घट्ट धरल्या, तोंड मिटलं आणि जोर लावून श्वास ओढून बघितला. शेजारी नवरदेवाचे मामा उभे होते. त्यांनी त्या दिवसासाठी म्हणून अत्तराची अर्धी बाटली अंगावर रिकामी केलेली होती.

“का वो पाहुणे,” मामा म्हणाले, “आमचा वास येऊ राह्यला का?”

“न्हाई, न्हाई,” मी म्हणालो. पण नाक अजून चिमटीतच होतं, त्यामुळे ते उत्तर जरा जास्तच खरं वाटलं. मुलाकडची चार माणसं वळून बघायला लागली. बायकांच्या घोळक्यातून आमच्या हिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. पंगतीत मामा स्वतः वाढायला आले आणि माझ्या पत्रावळीपाशी थांबून मागच्या पोराला म्हणाले, “यायला मठ्ठा नको देऊ रे. वास येतो त्यायला.”

आता हे मामांना कसं सांगणार की त्याच्या मिनिटभर आधी मला सुमेधचा फोन आला होता? लाऊडस्पीकरच्या गोंगाटात त्याचं एकच वाक्य कळलं. “काका, पप्पा गेले, सकाळी.” मी फोन खिशात ठेवला आणि हात आपोआप नाकाकडे गेला. नाक दाबूनही श्वास आत आला तर समजायचं, हे स्वप्न आहे. नाही आला तर आपण जागे आहोत. ही कसोटी मला सुमेधच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या सरांनी शिकवलेली.

श्वास आला नाही.

आष्टीला बदली होऊन गेलो तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि माझ्या डोक्यावर केस होते. सर त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांच्याच घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. मधे एक भिंत, पुढे एक अंगण, अंगणात एक नळ. सामान उतरवत होतो तेव्हा सर अंगणात उभे राहून हाताची बोटं मोजत होते. एकदा तळहाताकडून, एकदा पाठीकडून. मला वाटलं, आमचे नग मोजतायत.

“सर, अजून दोन खोकी यायची आहेत,” मी म्हणालो.

“न्हाई वो, बोटं मोजू राह्यलो. पाचच आहेत.”

“चांगलं आहे,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हळूहळू कळलं की सर दिवसभर हेच करत असतात. बाजारातून जाताना दुकानाची पाटी वाचायचे, मान फिरवायचे, परत तीच पाटी वाचायचे. “स्वप्नात अक्षरं जाग्यावर टिकत न्हाईत,” ते म्हणायचे. “दुसऱ्यांदा बघितलं की मेडिकलचं सलून झालेलं असतं.” आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता मधेच नाक दाबून बघायचे. भाजीवाल्या बाया सुरुवातीला हसायच्या, नंतर त्यांच्याकडे बघायच्याही नाहीत. माणसाचा वेडेपणा रोजचा झाला की गाव त्याला वाट करून देतं आणि पुढे निघून जातं. सरांचं तसंच झालं होतं. त्यांच्याशी भांडण कुणाचंच नव्हतं, आणि त्यांच्याकडे येणंजाणंही कुणाचं नव्हतं.

वर्गात ते अचानक एखाद्या पोराला उभं करायचे. “तू जागा आहेस कशावरून?”

एकदा एक पोरगं म्हणालं, “सर, खिचडीचा वास येऊ राह्यला.”

“शाब्बास. हे झालं निरीक्षण. मंग अनुमान काय?”

“सर, सुट्टी करा.”

सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि खरंच दोन मिनिटं आधी सुट्टी केली. पण एरवी अनुमानाच्या बाबतीत ते फार कडक होते. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण सगळं व्यवस्थित असलं आणि अनुमान लिहिलेलं नसलं, तर वही परत. “एवढं सगळं केलं ते कशासाठी, हेच लिहिलं न्हाई तर प्रयोग झाला कुठं?”

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला सांगितलं एका संध्याकाळी. मी रोज संध्याकाळी त्यांना चहाला बोलवायचो. कडी वाजवण्याइतकं नाजूक काम मला जमत नाही. मी तळहातानं दारावर दोन थापा मारायचो आणि ओरडायचो, “सर, चहा!” बायको म्हणायची, “दार मोडाल एक दिवस.” त्या दिवशी चहा पिता पिता माझी धिटाई वाढली आणि मी विचारलं.

सरांची बायको आम्ही तिथं जायच्या दोन वर्षं आधी वारली होती. तिला मी कधी बघितलं नाही. सर तिला ‘सुमेधची आई’ म्हणायचे. जालन्याला दवाखान्यात होती. ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले, तब्येत चांगली होती. दुपारी ती म्हणाली, “ऐका ना, एक सांगायचं राहून गेलं.” सर म्हणाले, “आलोच, बाटली भरून आणतो.” खाली पाण्याला रांग होती. ते बाटली भरून वर आले तर खाटेभोवती नर्स आणि डॉक्टर उभे. ती नंतर बोलली नाही.

“काय असेल?” सर मला विचारायला लागले, जणू मला माहीत असावं. “गॅस बंद केला का, इतकंच असेल. न्हाई तर दुसरं काही असेल. काहीही असू शकतं ना वो?”

त्यानंतर ती स्वप्नात यायला लागली. पण स्वप्नात आपल्याला कुठं माहीत असतं की माणूस गेलेलं आहे? सर तिला विचारायचे, “माझा चष्मा कुठंय?” ती दाखवायची. जाग आली की सर कपाळावर हात मारून घ्यायचे. “वर्षभर ती येत राह्यली आणि वर्षभर मी तिला चष्माच विचारला!”

मग सुमेधनं घेऊन दिलेल्या मोबाईलवर त्यांना कुठंतरी सापडलं की स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखता येतं. सवयीनं येतं. जागेपणी दिवसातून वीस वेळा बोटं मोजा, पाट्या वाचा, नाक दाबा. एक दिवस ते स्वप्नातही कराल, आणि बोटं सहा निघतील.

चौथ्या महिन्यात सहा निघाली. सर इतके खूश झाले की तिथंच जागे झाले.

मग दुसरी अडचण. ओळखता येतं, पण टिकत नाही. आनंद झाला की जाग. तिच्याकडे रोखून बघितलं की जाग. हाक मारली की स्वतःच्याच आवाजानं जाग. सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी वही सुरू केली. शाळेची असते तीच, एका बाजूला रेघा, एका बाजूला कोरं पान. उद्देश: सुमेधच्या आईला काय सांगायचं होतं ते ऐकणे. साहित्य: गादी, उशी, तांब्याभर पाणी. कृती (स्वप्नात): दोन्ही तळहात एकमेकांवर चोळणे, दाराची चौकट धरून ठेवणे, चेहऱ्याकडे न पाहणे. आणि शेवटी एक वाक्य, लाल शाईनं अधोरेखित: मनात पाढे म्हणत राहणे.

पाढ्यांचा शोध त्यांचा स्वतःचा. “पाढे म्हणत राह्यलं की डोक्याचा एक कोपरा जागा राहतो, बाकीचं झोपतं,” ते मला समजावून सांगायचे. “अख्खं जागं झालं तरी गेलं, अख्खं झोपलं तरी गेलं.” त्यामुळे सरांची स्वप्नं मिनिटांत नाही, पाढ्यांत मोजली जायची. संध्याकाळी चहाला आले की मी विचारायचो, “आज?” ते म्हणायचे, “बारा.” कधी, “सतराला गेलो.” मी भाषेचा शिक्षक. माझी स्वतःची गाडी जागेपणीसुद्धा एकोणीसच्या पुढं गेलेली नाही, त्यामुळे मला त्यांचा फार आदर वाटायचा.

स्वप्नात ती नेहमी मागच्या दारात बसलेली असायची, पाठमोरी, सुपात तूर निवडत. सातच्या पाढ्याला तिच्या बांगड्या वाजायच्या. पंधराला ती सूप खाली ठेवायची. बाविसाला हात पदराला पुसायची. सरांनी हिशेब मांडला होता की तिसाचा पाढा पुरा होईपर्यंत ती वळेल, आणि वळली की बोलेल. आपण काही विचारायचं नाही. तिचं तिला सांगू द्यायचं.

त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. मी एकदा शहाणपणानं म्हणालो, “म्हणजे हे विपश्यनेसारखंच झालं, सर.”

“उलटं आहे,” सर म्हणाले. “तिथं जे आहे ते बघायचं असतं. मी जे न्हाई ते बघायला चाललो.” तसबिरीकडे बघून जरा ओशाळले. “मला कळतं. सोडता आलं पाहिजे. येईल. पण आधी एवढं ऐकून घेतो.”

शहाणपण मला एकदा सुरू झालं की लवकर थांबत नाही. मी म्हणालो, “पण सर, ती जे सांगेल ते तुमच्याच डोक्यातलं असणार ना?”

भिंतीपलीकडून आमच्या हिनं एवढ्या जोरात भांडं आपटलं की मला उत्तराआधीच माझी चूक कळली.

सर मात्र रागावले नाहीत. “बराबर आहे. पण चौतीस वर्षांत ती माझ्या डोक्यात जेवढी जमा झाली, तेवढीच आता माझ्याकडं आहे. तिलाच विचारीन. दुसऱ्या कुणाला विचारू?”

त्यांनी मलाही शिकवायचा प्रयत्न केला. तीन महिने बोटं मोजली, पाट्या वाचल्या. शेवटी एका पहाटे स्वप्नात मला लख्ख कळलं की हे स्वप्न आहे! अशा वेळी माणसं म्हणे आकाशात उडतात, समुद्र बघून येतात. मी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि एका दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला. त्यांनी तो नामंजूर केला. मी जागा होऊन शाळेत गेलो.

सर निवृत्त झाले आणि दुपारचे प्रयोग नियमित झाले. जेवण झालं की दाराला पाटी लागायची. खरीखुरी दगडी पाटी, पेन्सिलीनं लिहिलेली: ‘प्रयोग चालू आहे. आवाज करू नये.’ शाळेच्या प्रयोगशाळेबाहेर लावायचे, तीच त्यांनी घरी आणलेली. एक ते तीन आम्ही अंगणात दबक्या पावलांनी चालायचो. हळूहळू आकडा चढत गेला. बावीस. चोवीस. सव्वीस. सव्वीस सांगितलं त्या दिवशी आमच्या हिनं शिरा केला.

आणि मग मे महिन्यातली ती दुपार.

गावाला नळ आठ दिवसांनी यायचा, आणि त्या खेपेला दहावा दिवस उजाडला होता. ड्रमच्या तळाशी गाळ राहिलेला. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. गल्लीत कुणाच्याही नळाला हवा जरी सुटली तरी माणसं चपला न घालता धावतात. अशा वेळी शेजाऱ्याला झोपू देणं म्हणजे त्याच्याशी वैर धरल्यासारखं. अवेळी, दीड-दोनच्या सुमाराला, नळानं आधी खाकरल्यासारखं केलं आणि मग पाणी आलं.

बायकोनं पाइप लावला. मी म्हणालो, “सरांना उठवतो.”

“नका उठवू. पाटी लावलीय. त्यांचा ड्रम मी भरते.”

मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी आजही म्हणू शकत नाही. पण पाणी आल्याच्या आनंदात माझा हात माझ्या ताब्यात नव्हता. मी गेलो आणि दारावर दोन थापा मारल्या. दाराला टांगलेली पाटी थरथरली.

“सर! नळ आला! उठा!”

बराच वेळ काही आवाज नाही. मग कडी निघाली. सर उंबऱ्यात उभे होते. माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत असेन असं वाटलं नाही. त्यांनी सवयीनं बोटं मोजली. मग खाली पायरीवर बसले.

“एकोणतीस साते किती?” त्यांनी विचारलं.

मला येत नव्हतं.

“दोनशे तीन,” पाइप धरून उभी असलेली बायको म्हणाली.

“तिथवर आल्तो,” सर म्हणाले. “मान वळू राहिल्ती तिची. कानातलं दिसलं.”

ड्रम भरून पाणी वाहायला लागलं आणि पाण्यासाठी दहा दिवस तरसलेल्या त्या अंगणात ते बंद करायला कुणी हललं नाही. शेवटी सरच उठले. पाइप आपल्या ड्रममध्ये टाकला, घागर विसळली, भरली. माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाले, “बरं केलं उठवलं. पाणी महत्त्वाचं.”

नंतर तीन दिवस मी त्यांच्या दाराकडे फिरकलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? चहा बायको नेऊन द्यायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी सर आमच्या दारात येऊन उभे राहिले. “का वो, थाप का ऐकू येईना? हात दुखू राह्यला का?” मी काहीतरी पुटपुटलो. “मंग उद्यापासून बराबर मारत जा,” ते म्हणाले. मी पुन्हा मारायला लागलो. पण संध्याकाळी. दुपारी त्या दाराला मी कधीही हात लावला नाही, नळ आला तरी, एकदा शेजारच्या कडब्याला आग लागली तरी.

“आज?” मी चहाला विचारायचो.

“चालू आहे,” सर म्हणायचे. आकडा सांगायचं त्यांनी बंद केलं. मला वाटलं, पुन्हा बेपासून सुरुवात झाली असेल.

पुढं माझी जालन्याला बदली झाली. सुरुवातीला महिन्यातून एकदा जायचो. मग सणावाराला. मग फोनवर. आमच्या मुलीची दहावी होती, बारावी होती. न जाण्याला कारणं भरपूर असतात आणि सगळी खरी असतात. आमच्या खोल्यांत सरांनी दुसरं बिऱ्हाड ठेवलं नाही.

लग्नाच्या पुढच्या आठवड्यात सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं आष्टीला गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं जेवून गेली. सुमेधनं मला आतल्या खोलीत नेलं आणि चार प्रयोगवह्या हातात दिल्या. “काका, ह्या तुम्ही ठेवा. यात सारखं तुमचंच नाव आहे.”

मी त्याच पायरीवर बसून वाचायला लागलो. शेजारी बायको. मे महिन्यातली ती नोंद सापडली. निरीक्षण: एकोणतीस साते. दारावर थाप. “सर, नळ आला.” जाग. सरांनी माझं नाव कंसात लिहिलं होतं, जसं प्रयोगाला मदत करणाऱ्याचं लिहितात.

पुढचं पान उलटलं. चार दिवसांनंतरची नोंद. एकोणतीस साते. दारावर थाप. “सर, नळ आला.” जाग. कंसात मी. मी म्हटलं, हे कसं? मी तर परत दुपारी गेलो नव्हतो. पुढं उलटलं. एकोणतीस साते, थाप, जाग. पुढं, तेच. एका ठिकाणी त्यांनी एकोणतीसचा पाढा गाळून बघितला होता. थाप. एका ठिकाणी तिसापासून उलटं येऊन बघितलं. थाप. आम्ही जालन्याला राहायला गेल्यानंतरच्या तारखा, आमच्या खोल्यांना कुलूप असलेल्या दुपारी. एकोणतीस साते, थाप, कंसात माझं नाव. चार वह्या भरून मी त्यांचं दार वाजवत होतो, आणि रोज संध्याकाळी समोर बसून विचारत होतो, “आज?”

शेवटची नोंद या वर्षीची होती. अक्षर कापरं झालेलं. निरीक्षण: एकोणतीस साते. दारावर थाप. जाग आली नाही. ती पाठमोरीच म्हणाली, दार उघडा ना. किती वेळचे उभे आहेत ते.

खाली ‘अनुमान’ लिहून दोन टिंबं दिली होती. पुढं काही नव्हतं.

परतीच्या गाडीत आम्ही खिडकीशी बसलो. वह्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. परतूर गेलं. मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या बघत होतो. दोनदा वाचल्या तरी बदलत नव्हत्या. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हणालो, “तू नको म्हणाली होतीस.”

“हं.”

“आणि त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर...”

बायकोनं पिशवी माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली. बाहेर बघतच ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही संध्याकाळचीबी थाप मारायची सोडली असती. आन् त्यांच्या दारावर थाप मारणारं दुसरं होतं तरी कोण?”